ऑनलाइन ट्रेनिंग परवडतं का? शिरोलीतल्या कारखान्याचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी कॉस्टिंग, म्हणजे उत्पादन खर्चाचा हिशेब, बघते. एका शेडमध्ये लोखंड वितळवून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, ओततात, शेजारच्या शेडमध्ये सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनांवर त्याचं मशिनिंग होतं. गेल्या काही वर्षांत ऑनलाइन ट्रेनिंग विकणाऱ्यांचे फोन इतके वाढलेत की आमच्याच नव्हे, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या ओळखीच्या अकाउंटवाल्यांकडंही एकच प्रश्न येतो: "माणशी नऊशे रुपये वर्षाला, घ्यायचं का?" या प्रश्नाचं उत्तर कसं काढायचं ते इथं लिहिते. आकडे माझे, ढोबळ, समजावण्यासाठी घेतलेले आहेत. तुम्ही तुमच्या रजिस्टरमधले घाला.

सुरुवातीलाच एक सांगते. कोटेशनमधला माणशी दर हा या हिशेबातला सगळ्यात मोठा आकडा क्वचितच असतो. माणसाचा तास बऱ्याचदा कुठंच लिहिलेला नसतो, आणि जो खर्च लिहिला जात नाही तो शेवटी कामगाराच्या माथ्यावर जातो.

तासाचा खरा भाव काढा

समजा ऑपरेटरचा पगार १६,००० रुपये आहे. त्यावर कंपनीचा पीएफ प्रशासकीय खर्च आणि विमा धरून १३ टक्के, ईएसआयचे (कामगार राज्य विमा) ३.२५, बोनसचा किमान दर ८.३३ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के. सगळं मिळून सुमारे २९.४ टक्के. म्हणजे हा माणूस कंपनीला महिन्याला जवळपास २०,७०० रुपयांना पडतो. २६ दिवस, रोज ८ तास, असे २०८ तास. भागाकार केला की तासाला शंभर रुपये येतात. बोनस आणि पीएफ नेमके कशावर मोजायचे याचे नियम वेगळे आहेत, तुमच्या पेरोलवाल्याला विचारून अचूक करून घ्या. ट्रेनिंगच्या निर्णयाला शंभराचा अंदाज पुरतो.

आता चाळीस ऑपरेटरना आठ तासांचं ट्रेनिंग द्यायचं म्हटलं की ३२,००० रुपये नुसते तासांचे झाले. हा आकडा कोणत्याही कोटेशनमध्ये नसतो. वर्ग भरवा नाहीतर ऑनलाइन करा, तो लागतोच.

मशीन थांबणार असेल तर आणखी एक ओळ. व्हीएमसीचा तासाचा दर तुम्ही चारशे धरत असाल, तर त्या मशीनवरचा माणूस उचलला की शंभर अधिक चारशे. पण हे सरसकट लावू नका. ज्या मशीनपुढं माल तुंबून राहिलाय, जिच्यामुळं डिस्पॅच अडतो, फक्त तिचाच तास गेला असं धरायचं. बाकीची मशीनं तशीही कधी टूलसाठी, कधी कास्टिंगसाठी, कधी क्रेनसाठी थांबतात.

दोन्ही बाजू शेजारीशेजारी मांडा

वर्गातल्या ट्रेनिंगचं आमच्याकडं साधारण असं असतं. ट्रेनर पुण्याहून येतो. दिवसाची फी २५,००० धरली आणि वीस-वीसच्या दोन बॅच केल्या, तर दोन दिवसांचे ५०,०००. येणं-जाणं, मुक्काम १२,०००. चहा-जेवण ४,०००. वरचे तासांचे ३२,०००. एकूण ९८,०००.

ऑनलाइनचं असं. लायसन्स माणशी ९०० म्हणजे ३६,०००. चार टॅब १२,००० प्रमाणे ४८,०००, तीन वर्षं चालतील असं धरून वर्षाला १६,०००. इंटरनेट १२,०००. त्याच विषयाला वर्गात आठ तास लागत असतील तर ऑनलाइन पाच धरूया, कारण ओळखपाळख आणि जमवाजमव त्यात नाही, तासांचे २०,०००. आणि एक ओळ हमखास विसरली जाते: कोण बसलं, कोणाचं राहिलं, कोणाला कळलं नाही, हे बघणाऱ्या सुपरवायझरचा वेळ. साठ तास, दोनशे रुपयांनी, १२,०००. एकूण ९६,०००.

जीएसटी मी दोन्हीकडं धरलेला नाही. ट्रेनिंगवर तो १८ टक्के लागतो, पण नोंदणी असलेल्या कारखान्याला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो स्वतःच्या जीएसटीतून वजा करता येतो. ज्यांना क्रेडिट मिळत नाही त्यांनी तो खर्चात धरावा.

तर ९८,००० विरुद्ध ९६,०००. "ऑनलाइन स्वस्त" हे जे आपण ऐकत असतो ते एका विषयापुरतं खरं नाही. फरक पडतो दुसऱ्या विषयाला. लायसन्समध्ये सगळे कोर्स येत असतील, तर टॅब, नेट आणि लायसन्सचे पैसे आधीच गेलेले असतात. दुसऱ्या विषयाला फक्त तासांचे २०,००० आणि सुपरवायझरचे १२,००० लागतात, म्हणजे ३२,०००. वर्गाला मात्र पुन्हा ९८,०००. तिसऱ्या विषयाला अंतर आणखी वाढतं. म्हणून मालकांना पहिला प्रश्न हा विचारायचा: वर्षभरात आपण किती विषय खरोखर शिकवणार आहोत? उत्तर "एक" असेल तर पुण्याचा ट्रेनर बोलवा. समोर माणूस असतो, शंका विचारता येते आणि खर्च तेवढाच.

दुसरी गोष्ट नव्या भरतीची. आमच्या पट्ट्यात पोरं वर्षभर येत-जात असतात. वर्ग भरवायला बॅच जमावी लागते, आणि ती जमेपर्यंत नवीन मुलगा न शिकताच मशीनवर उभा राहतो. ऑनलाइन असलं की रुजू झाल्या दिवशी बसवता येतं. याचे रुपये काढणं अवघड आहे, पण माझ्या मते हाच ऑनलाइनचा सगळ्यात मोठा फायदा आहे. पावसाळ्याचाही एक मुद्दा आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि वाहतूक बंद पडली. पुण्याच्या माणसाची तारीख त्या दिवसांत घेऊन काही उपयोग नसतो.

"घरी बघू दे की मोबाइलवर"

हे वाक्य प्रत्येक मीटिंगमध्ये येतं. घरी बघितलं तर तासाचा खर्च शून्य आणि हिशेब एकदम गोड दिसायला लागतो. मी याला दरवेळी ठाम नाही म्हणते.

हेर्ले, टोप, नागावहून येणारा माणूस पहिली शिफ्ट करून घरी जातो. त्याची म्हैस असते, शेतात पाणी पाजायची पाळी असते, पोरांचा अभ्यास असतो. बायका तर इथून सुटल्या की दुसरी शिफ्ट घरात करतात. त्यांना रात्री दहाला सेफ्टीचा व्हिडिओ बघायला सांगायचं, तोही त्यांच्याच डेटा पॅकवर? कंपनीच्या कामासाठी शिकायला सांगितलंय तर तो कामाचा वेळ आहे. शिफ्टच्या बाहेर बसवायचं असेल तर ओव्हरटाइम द्या, कायद्यानं तो दुप्पट दरानं आहे, आणि तोच दर हिशेबात घाला. शंभराचे दोनशे केल्यावरही परवडत असेल तर खुशाल करा.

शिवाय घरी बघून शिकणं होतही नाही. व्हिडिओ चालू ठेवून फोन उशाला ठेवतात. शेवटची प्रश्नपत्रिका एक हुशार पोरगा सगळ्यांची सोडवतो. सर्टिफिकेट चाळीस येतात, शिकलेले चार. यात त्यांचा दोष नाही. फुकटात घेतलेल्या वेळात याहून जास्त कोण करणार?

शिफ्टमध्ये वेळ काढायचा कसा, तर वीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे करून. टूल बदलताना, मेंटेनन्सला मशीन दिलं असताना, कास्टिंग यायला उशीर असताना. आदल्या दिवशी पीपीसीला (उत्पादनाचं नियोजन करणाऱ्यांना) विचारा, उद्या कुठलं मशीन रिकामं आहे ते त्यांना माहीत असतं. टॅब क्वालिटी रूममध्ये ठेवा. फेटलिंगच्या (कास्टिंगचे जादा काठ काढण्याच्या) आवाजात आणि वाळूच्या धुळीत ना माणूस शिकतो ना टॅब टिकतो.

कुठला विषय पडद्यावर, कुठला हातावर

ड्रॉइंग वाचणं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) समजणं, मायक्रोमीटरचं वाचन, ऑफसेट (टूलच्या जागेची मशीनमध्ये घालायची दुरुस्ती) कशाला म्हणतात, रिजेक्शनची कारणं, फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ऑफिसात एक्सेल आणि जीएसटी. हे पडद्यावर चांगलं शिकता येतं. उलट वर्गापेक्षा बरं, कारण न कळलेलं परत लावता येतं आणि चारचौघांत हात वर करायची लाज नाही.

लॅडलमधून (वितळलेल्या धातूच्या भांड्यातून) ओतणं, साच्याची वाळू मुठीत दाबून ओलावा ओळखणं, क्रेनला स्लिंग (माल उचलायचा पट्टा) लावणं, ग्राइंडर धरणं, आग विझवण्याचा सिलिंडर वापरणं, हे पडद्यावरचं काम नाही. व्हिडिओ दाखवून "ट्रेनिंग झालं" असं रजिस्टरला लिहून एखाद्याला वितळलेल्या लोखंडाजवळ उभं करणं धोक्याचं आहे, आणि इथं मी पैशाचा हिशेब मांडतच नाही. अशा कामाला जुन्या माणसाच्या हाताखाली दिवस काढावेच लागतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिढ्या अशाच तयार झाल्या. वाहन उद्योगाला माल देणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्तेचं मानक लागू असतं, त्यातही प्रत्यक्ष कामावरच्या ट्रेनिंगची वेगळी अट आहे. नुसत्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर ऑडिटर समाधानी होईल असं धरून चालू नका.

मधला मार्ग आमच्याकडं सगळ्यात चांगला चालतो. वीस मिनिटं टॅबवर, लगेच त्याच शिफ्टला सेटरबरोबर (मशीन लावून देणाऱ्याबरोबर) मशीनवर तेच करून दाखवायचं. सेटरचा वेळही खर्चात लिहा.

आणि जमत असेल तर स्वतःचे व्हिडिओ करा. मोल्डिंगचे एखादे मामा, ज्यांचं रिटायरमेंट जवळ आलंय, ते कोअर (साच्यात पोकळीसाठी ठेवायचा वाळूचा गाभा) बसवताना काय बघतात हे जगातल्या कुठल्याही विकतच्या कोर्समध्ये नाही. मोबाइल स्टँडला लावा, मामांना त्यांच्या भाषेत बोलू द्या, दहा मिनिटांचा व्हिडिओ करायला चित्रीकरण आणि काटछाट धरून पाच-सहा तास जातात. हजाराच्या आत काम होतं. मामांचं नाव व्हिडिओवर घाला आणि त्या तासांचा मोबदला द्या. आमच्या पोरांनी विकतच्या चकचकीत कोर्सपेक्षा हे व्हिडिओ जास्त वेळा उघडले, कारण त्यात दिसणारं मशीन त्यांचंच आहे. हे ठेवायला मूडलसारखं ऑनलाइन कोर्स चालवायचं फुकट सॉफ्टवेअर आहे. मात्र ते सर्व्हरवर चढवून सांभाळणारा माणूस लागतो, त्याचे पैसे धरा. छोट्या कारखान्याला साधं फोल्डर पुरतं.

डिप्लोमा आणि इंजिनिअर मंडळींसाठी विकत घ्यायच्या आधी एनपीटेल आणि स्वयं ही सरकारी ऑनलाइन कोर्सची संकेतस्थळं बघाच. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची कास्टिंग, वेल्डिंग, मशिनिंगवरची लेक्चर तिथं फुकट आहेत. फी फक्त परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तर. बहुतेक इंग्रजीत असल्यामुळं ऑपरेटरना त्यांचा उपयोग कमी.

फायदा मोजायचा तो आधीपासून मोजत असलेल्या गोष्टीत

१९५९ मध्ये डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी ट्रेनिंग चार पायऱ्यांवर तपासायचं सांगितलं: आवडलं का, कळलं का, कामात उतरलं का, आणि धंद्यात फरक पडला का. विकणारे पहिल्या दोन पायऱ्यांचे रंगीत रिपोर्ट देतात. तुम्हाला तिसरी आणि चौथी स्वतः काढायची आहे, आणि त्यासाठी नवीन काही मोजायला लागू नये. रिजेक्शन रजिस्टर आहे, सेटिंगचा वेळ लिहिला जातो, टूलचा खर्च आहे, ग्राहकाच्या तक्रारी आहेत. यातली एक गोष्ट निवडा.

रिजेक्शन घेऊन करून दाखवते. महिन्याला २०,००० नग, ३ टक्के रिजेक्ट म्हणजे ६००. आता रजिस्टरमधली कारणं वाचा. ब्लो होल (गॅसनं पडलेली पोकळी), वाळू अडकणं, श्रिंकेज (धातू गार होताना आकसणं) ही कारणं सीएनसीच्या ऑपरेटरला शिकवून जाणार नाहीत. ऑफसेट चुकीचा, पहिला नग न तपासता पुढं चालू, गेज (माप तपासायचं साधन) नीट न लावणं, ही शिकवण्यासारखी. समजा ती २०० निघाली. त्यातलीही सगळी जातील असं धरू नका. ३० टक्के कमी झाली तर ६० नग.

एका नगाचं नुकसान किती, हे काढताना बिलाची किंमत लावायचा मोह होतो. ते चूक आहे. आपली स्वतःची फाउंड्री असेल तर रिजेक्ट नग परत भट्टीत जातो, धातू मिळतो. गेलं काय, तर वितळवायची वीज, वाळू, बाइंडर (वाळू धरून ठेवणारा पदार्थ), कोअर, मजुरी आणि मशिनिंग. इंडक्शन फर्नेसला (विजेच्या भट्टीला) टनामागं साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात, तीच वीज पुन्हा भरायची. हे सगळं धरून नगाला ९० रुपये आले असं समजा. ६० गुणिले ९०, महिन्याला ५,४००.

आता वरचे आकडे आणा. एकच विषय शिकवला आणि ९६,००० घातले, तर पैसे निघायला जवळपास अठरा महिने. दुसरा विषय ३२,००० चा, त्यानं एवढाच फायदा दिला तर सहा महिने. दोन्ही उत्तरं मालकांपुढं ठेवायची, फक्त दुसरं नाही. आणि जी माणसं सोडून जातात त्यांच्याबरोबर फायदाही जातो. वर्षात चाळीसातले दहा गेले तर त्या ५,४०० मधला चौथा हिस्सा वजा करा.

इथं एक वाक्य नक्की ऐकू येईल: "शिकवलं की शेजारच्या कंपनीत जातो." जातात, पाचशे रुपये जास्त मिळाले की जातात. पण न शिकवलेला माणूस वर्षानुवर्षं आपल्याकडंच राहिला तर त्याच्या रिजेक्शनचा खर्च कोण देतं, हेही विचारा. ट्रेनिंगला स्किल मॅट्रिक्समध्ये (कुणाला काय येतं याच्या तक्त्यात) आणि पगारवाढीत जागा द्या. दोन विषय पूर्ण करून मशीनवर करून दाखवणाऱ्याला थोडी वाढ मिळते हे शेडमध्ये कळलं की टॅबसाठी माणसं स्वतः विचारायला येतात.

तुलना करताना सावध राहा. मे महिन्यात ट्रेनिंग दिलं आणि जूनमध्ये रिजेक्शन वाढलं, तर ट्रेनिंग वाया गेलं असं नाही. पावसाळ्यात हवा दमट होते, कोअर ओलावा धरतात, गॅसचे दोष वाढतात. उलटही होतं: पाऊस संपला की रिजेक्शन आपोआप उतरतं आणि श्रेय ट्रेनिंगला जातं. म्हणून गेल्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी ताडून बघा, आणि शक्य असेल तर आधी अर्ध्या माणसांनाच शिकवा. शिफ्ट बदलत असतात, तेव्हा शिफ्टप्रमाणं नको, माणसाच्या नावाप्रमाणं आकडे काढा. तोच पार्ट, तसंच मशीन, शिकलेले आणि अजून न शिकलेले. दोन महिन्यांत चित्र दिसायला लागतं. उरलेल्या अर्ध्यांना नंतर शिकवायचं हे त्यांना आधीच सांगा, नाहीतर डावलल्यासारखं वाटतं. आणि हे आकडे कुणाला शिक्षा करायला वापरायचे नाहीत, हे लेखी द्या. एकदा भीती बसली की रजिस्टर खोटं भरलं जातं आणि मग तुमच्याकडं मोजायला काहीच उरत नाही.

सही करायच्या आधी

डेमो ऑफिसात बघू नका. दोन ऑपरेटर, एक मराठी आणि एक बिहार किंवा ओडिशाहून आलेला, टॅबपुढं बसवा आणि बाजूला गप्प उभे राहा. एका कंपनीच्या डेमोत "मराठी उपलब्ध" म्हणजे फक्त बटणं मराठीत होती, आतला आवाज इंग्रजीच. हे ऑपरेटरच्या चेहऱ्यावरून आम्हाला दोन मिनिटांत कळलं, माहितीपत्रकावरून कधीच कळलं नसतं. हिंदी आवाज, मराठी आवाज आणि खाली मोठी अक्षरं, तिन्ही तपासा. काही माणसांना वाचायला जड जातं, त्यांच्यासाठी प्रश्न ऐकू यायला हवेत.

मग विचारा: माणूस सोडून गेला तर त्याचं लायसन्स नव्याला देता येतं का? हा एक प्रश्न आमच्यासारख्या ठिकाणी हजारोंचा आहे. आमचे स्वतःचे व्हिडिओ चढवता येतील का? नेट गेलं तर कोर्स चालतो का? करार संपल्यावर आमच्या माणसांची रेकॉर्ड एक्सेलमध्ये मिळतील का? ती मिळाली नाहीत तर पुढच्या ऑडिटला हात रिकामे.

चाळीस लायसन्स एकदम घेऊ नका. दहा घ्या, तीन महिन्यांसाठी. दर थोडा जास्त लावतील, लावू दे. नूतनीकरण आपोआप होतं का ते करारात शोधा, होत असेल तर ते कलम काढून घ्या, आणि मुदत संपायच्या महिनाभर आधीची तारीख पर्चेसच्या कॅलेंडरवर टाका. त्या तारखेला तीनच आकडे मागवा: कितीजणांनी पूर्ण केलं, कितीजणांनी मशीनवर करून दाखवलं, आणि निवडलेल्या त्या एका रजिस्टरमध्ये काय फरक पडला. तिसरा आकडा हललेला नसेल तर बाकीच्या तीसांची ऑर्डर थांबवा आणि आधी ऑपरेटरना बसवून विचारा, अडतंय कुठं. कधी कधी उत्तर ट्रेनिंगचं नसतंच. गेज झिजलेला असतो.